तपासलेला पेपर परत का यायला हवा?

सत्र संपत आलं की स्टाफरूममधल्या कपाटावर गठ्ठे चढायला लागतात. असाइनमेंट, ट्युटोरियल, प्रोजेक्टच्या फायली. सुतळीने बांधलेले, वर स्केचपेनने 'एस.वाय. इकॉनॉमिक्स' लिहिलेला कागद. गुण पोर्टलवर भरून झाले की त्या गठ्ठ्यांकडे कुणी बघत नाही. वर्षा-दोन वर्षांनी कपाट आवरायला काढलं की ते रद्दीत जातात.

मी पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. सुरुवातीची बरीच वर्षं मीही हेच करत होते. आता मला त्या गठ्ठ्यांचं वाईट वाटतं. त्यातला एकेक कागद म्हणजे कुणीतरी एखादी गोष्ट समजून घ्यायचा केलेला प्रयत्न असतो. कुठे जमलं, कुठे अडलं, हे त्या मुलाला कळलंच नाही तर त्याने लिहिलं कशासाठी आणि मी तपासलं कशासाठी?

दरवर्षी प्रवेशाच्या वेळी पालक आणि मुलं विचारतात, "मॅडम, हे क्रेडिट म्हणजे काय? एसजीपीए कसा काढायचा? इंटर्नलमध्ये नापास झालं तर?" हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून एकदा नीट सांगते. शेवटी मात्र गाडी त्या गठ्ठ्यावरच येणार आहे.

आधी क्रेडिट. क्रेडिट म्हणजे गुण नव्हेत. एखाद्या विषयासाठी किती वेळ आणि किती मेहनत अपेक्षित आहे, याचं ते माप आहे. धान्याला जसा क्विंटल तसं शिकण्याला क्रेडिट. थिअरीच्या एका क्रेडिटसाठी सत्रात वर्गातले 15 तास धरतात, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटसाठी 30 तास. म्हणजे 4 क्रेडिटच्या थिअरीच्या पेपरला वर्गातले 60 तास.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग क्वचितच कुणी सांगतं. 2023 मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे 40 क्रेडिट आणि त्यासाठी 1200 तास असा हिशोब मांडला आहे. म्हणजे एका क्रेडिटमागे 30 तासांचं एकूण शिकणं. वर्गातले 15 तास वजा केले की उरलेले 15 तास वर्गाबाहेरचे: वाचन, उदाहरणं सोडवणं, टिपणं काढणं, ग्रंथालय, मित्राला समजावून सांगणं. महाराष्ट्रात एका सत्राला साधारण 22 क्रेडिट असतात. 22 गुणिले 30 म्हणजे 660 तास. सत्राचे 15 आठवडे धरले तर आठवड्याला 44 तास. कारखान्यात किंवा ऑफिसात काम करणाऱ्या माणसाचा आठवडा साधारण एवढाच असतो. पदवीचं शिक्षण हे कागदावर तरी पूर्णवेळ काम आहे. "आमच्या मुलाला रोज चारच तास कॉलेज असतं" असं कुणी म्हणालं की मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवते.

अर्थात वर्गातली निम्मी मुलं सकाळी कॉलेज करून दुपारी दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा शेतात असतात. त्यांच्यासाठी 44 तास हा आकडा किती कठीण आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच जे तास त्यांच्या हाती आहेत ते वाया जाऊ नयेत असं मला फार वाटतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी 2024-25 पासून पदवीला ते लागू केलं. त्यामुळे विषयांची नावंही बदलली. मुख्य विषय तो मेजर, जोडीचा मायनर, दुसऱ्या शाखेतून घ्यायचा तो ओपन इलेक्टिव्ह. शिवाय कौशल्याचे विषय, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, पुढे फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडलं आणि त्याला जोडून 4 क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स केला तर प्रमाणपत्र, तसंच दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळवलेले क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसी खात्यात, जास्तीत जास्त 7 वर्षं राहतात. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सुटलेल्या मुलींना ही सोय खरोखर उपयोगी पडू शकते. प्रवेश घेताना एबीसी आयडी मागतात तो यासाठी. तो काढून द्यायला कंटाळू नका आणि नंबर कुठेतरी लिहून ठेवा.

आता ग्रेड. दहा अंकी पद्धतीत ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी म्हणजे नुसतं पास 4, आणि एफ म्हणजे शून्य. सत्राचा एसजीपीए काढताना प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. सगळ्या सत्रांचा मिळून होतो तो सीजीपीए.

सूत्र साधं आहे, पण त्यातली गोम एका उदाहरणाशिवाय लक्षात येत नाही. समजा दोनच विषय आहेत: 4 क्रेडिटचा मेजर आणि 2 क्रेडिटचा कौशल्याचा विषय. एका मुलाला मेजरमध्ये बी (6) आणि कौशल्यात ओ (10) मिळाला. 4 गुणिले 6 म्हणजे 24, 2 गुणिले 10 म्हणजे 20. बेरीज 44, भागिले 6, उत्तर 7.33. दुसऱ्या मुलाला हेच ग्रेड उलटे मिळाले, मेजरमध्ये ओ आणि कौशल्यात बी. 40 अधिक 12 म्हणजे 52, भागिले 6, उत्तर 8.67. दोघांच्या गुणपत्रिकेवर एक ओ आणि एक बी, आणि फरक सव्वा अंकाहून जास्त. सोप्या, कमी क्रेडिटच्या विषयात ओ आणून मेजरकडे काणाडोळा करणाऱ्या मुलांचा हिशोब इथे चुकतो. सीजीपीएवरून टक्के काढायचं सूत्र मात्र सगळीकडे एक नाही. ते आपल्याच विद्यापीठाच्या गुणपत्रिकेच्या मागे बघावं. मित्राच्या विद्यापीठाचं सूत्र नोकरीच्या अर्जात वापरू नये.

एटीकेटीबद्दलही एक ओळ. 'अलाउड टू कीप टर्म्स' याचं ते लघुरूप. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गाची टर्म भरायची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. राहिलेल्या विषयाचे क्रेडिट तो विषय सुटेपर्यंत खात्यात जमा होत नाहीत.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक विषयाचे गुण दोन भागांत विभागलेले असतात. सत्राच्या शेवटी विद्यापीठाची लेखी परीक्षा, आणि सत्रभर कॉलेजात होणारं अंतर्गत मूल्यमापन, ज्याला सगळे 'इंटर्नल' म्हणतात. कुठे 70 आणि 30, कुठे 60 आणि 40. मुलं इंटर्नलकडे 'फुकटचे गुण' म्हणून बघतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकांनीच ती सवय लावली आहे.

हे असं का झालं याची मुळं फार जुनी आहेत. 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ती शिकवत नसत. शिकवायचं ते कॉलेजांनी. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. मुंबई विद्यापीठातून 1862 मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते. एवढी मोठी माणसं त्या व्यवस्थेतून घडली, पण व्यवस्थेचा पाया परीक्षा हाच होता. विद्यापीठांना स्वतः शिकवण्याचा अधिकार देणारा कायदा 1904 मध्ये आला. तोवर जवळजवळ अर्धं शतक 'विद्यापीठ म्हणजे परीक्षा' हेच समीकरण रुजत गेलं आणि पदवीच्या पातळीवर ते आजही टिकून आहे. शिकवणारा एक, प्रश्नपत्रिका काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा. तीन वर्षांत मुलाची आणि त्याचा पेपर तपासणाऱ्याची गाठ एकदाही पडत नाही.

या पद्धतीची एक चांगली बाजू आहे, आणि ती मी कधीच हलकी मानणार नाही. तपासणाऱ्याला मुलाचं नाव, गाव, जात, आडनाव काहीच दिसत नाही. ज्या मुलांना ओळखीपाळखीचा आधार नाही त्यांच्यासाठी हा पडदा फार मोलाचा आहे. म्हणून विद्यापीठाची परीक्षा काढूनच टाका असं कुणी म्हणालं तर मी त्यांच्या बाजूने नाही.

पण त्या परीक्षेला एक गोष्ट जमतच नाही. ती शेवटी येते. मुलाचं काय चुकलं हे ती सांगत नाही, आणि सांगितलं तरी तोवर विषय संपलेला असतो. 1948-49 मध्ये डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल, असं त्या आयोगाने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. कोठारी आयोगानेही (1964-66) अंतर्गत मूल्यमापनावर भर दिला. म्हणजे इंटर्नल ही नव्या धोरणाने अचानक आणलेली गोष्ट नाही. ती कशासाठी आहे हा विचार स्वातंत्र्यापासून चालू आहे.

मूल्यमापन दोन तऱ्हेचं असतं. शिंप्याचं उदाहरण घ्या. ब्लाउज किंवा कोट शिवताना तो आधी कच्चे टाके घालतो आणि अंगावर घालून बघायला सांगतो. खांद्यात ओढतंय का, बाही आखूड झाली का, हे तेव्हा बघतात, कारण तेव्हा उसवता येतं. पक्की शिलाई झाल्यावर, काजं-बटणं लागल्यावर आरशासमोर उभं राहून 'बसलंय' किंवा 'नाही बसलं' एवढंच म्हणता येतं. कच्च्या टाक्यांच्या वेळचं बघणं म्हणजे शिकता शिकता केलेलं मूल्यमापन, शेवटचं बघणं म्हणजे निकाल. शिक्षणशास्त्रात मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 मध्ये या दोन्हींना वेगवेगळी नावं दिली: फॉर्मेटिव्ह आणि समेटिव्ह. नावं लक्षात राहिली नाहीत तरी हरकत नाही. उसवायला वेळ आहे का, एवढा एकच प्रश्न विचारावा.

इंटर्नल हे कच्च्या टाक्यांसाठी आहे. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एकदम घेतलेली, गुण भरून कपाटावर गेलेली असाइनमेंट नावाला इंटर्नल असते. कामाने ती पक्की शिलाईच.

एक प्रसंग सांगते. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, हे शिकवून झाल्यावर मी दहा गुणांचा एक प्रश्न दिला होता: 'यंदा कांद्याचं पीक वाढलं, तरी शेतकऱ्यांच्या हातात आलेली एकूण रक्कम घटली. मागणीच्या लवचिकतेच्या आधारे कारण सांगा.' आमच्याकडची निम्मी मुलं कांदा पिकवणाऱ्या घरांतली. लासलगावचा बाजार हाकेच्या अंतरावर. मला वाटलं, हे तर सगळे छान लिहितील.

निफाडकडच्या एका मुलीचा पेपर अजून डोळ्यांपुढे आहे. अक्षर सुंदर. अर्थशास्त्रज्ञ मार्शलची व्याख्या, लवचिकतेचे पाच प्रकार, प्रत्येकाची आकृती, अक्षांना नावं दिलेली. दोन पानं भरली होती. कांद्यावर मात्र शेवटी एकच वाक्य: 'कांदा ही जीवनावश्यक वस्तू असल्याने त्याची मागणी कमी लवचिक असते, त्यामुळे शेतकऱ्याचे नुकसान होते.' यातलं काहीच चूक नाही. पण 'त्यामुळे' या शब्दाच्या अलीकडे आणि पलीकडे जे घडतं ते तिने लिहिलंच नव्हतं. ते तिला माहीत नव्हतं असंही नाही. घरी दर हंगामात तेच घडताना ती बघत होती. वहीतलं अर्थशास्त्र आणि घरातला कांदा एकमेकांना भेटलेच नव्हते.

पूर्वी मी अशा उत्तराला 7 गुण देऊन पान उलटलं असतं. तिलाही 7 बरे वाटले असते. या वेळी मी गुण दिलेच नाहीत. खाली लिहिलं: 'व्याख्या आणि आकृत्या बरोबर. आता आकडे घे. पीक 100 क्विंटलवरून 120 झालं. भाव 2000 होता. भाव किती खाली गेला की एकूण रक्कम आधीपेक्षा कमी होईल? आणि भाव तेवढा खाली का जातो?' पेपर परत दिला आणि आठवड्याची मुदत दिली.

गुण न लिहिण्यामागे कारण होतं. रुथ बटलर यांनी इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेल्यांचा कल गुण मिळालेल्यांसारखाच होता, कारण गुण दिसले की शेऱ्याकडे लक्षच जात नाही. तो प्रयोग शाळेतल्या मुलांवरचा, पण पदवीच्या वर्गात मी हेच रोज बघते. पेपर हातात पडला की नजर आधी उजव्या कोपऱ्यात जाते, मग शेजाऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात, आणि मग पेपर घडी होऊन दप्तरात. आता मी शेरे लिहून पेपर आधी परत देते आणि दुरुस्त केलेलं आल्यावरच गुण लिहिते. पहिल्या वर्षी मुलं नाराज होती. "मॅडम, किती पडले ते तरी सांगा," हे दिवसातून दहा वेळा ऐकलं.

वर्गात 110 मुलं असताना हे कसं करायचं, असं सहकारी विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. कितीतरी कॉलेजांत जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक दोन-दोन कॉलेजं सांभाळतात, कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या फायली वेगळ्याच. प्रत्येकाला अर्धं पान शेरा लिहिणं कुणालाच शक्य नाही. मी चाळता चाळता सगळ्यात जास्त वेळा आलेल्या तीन चुका एका कागदावर टिपते, त्यांना 1, 2, 3 असे आकडे देते आणि पेपरवर नुसते ते आकडे टाकते. वर्गात तिन्ही चुका फळ्यावर घेते. 'चूक क्रमांक 2: उत्तरात प्रश्नातली परिस्थिती आलीच नाही.' मग मुलं आपापल्या पेपरात ती जागा शोधतात. बहुतेकांचं तीन आकड्यांत भागतं. उरलेल्या पंधरा-वीस जणांसाठीच वेगळं लिहावं लागतं. आणि सत्रात चार असाइनमेंट घेण्यापेक्षा दोनच घ्याव्यात, पण त्या परत द्याव्यात, असं माझं ठाम मत झालं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे गुणविभागणी आधीच सांगणं. दहापैकी संकल्पनेला 2, आकड्यांना 3, कारणाच्या साखळीला 3, आकृतीला 2. हे प्रश्नासोबतच लिहून दिलं की मूल पाच प्रकारांच्या आकृत्या काढत बसत नाही. 'काय लिहिलं तर चांगलं उत्तर होतं' हे गुपित ठेवून काय मिळतं, हे मला कधीच समजलं नाही.

याच्याशीच अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानाचा संबंध आहे. तिथे 'या विषयाच्या अखेरीस विद्यार्थ्याला अमुक करता येईल' अशी चार-पाच वाक्यं छापलेली असतात. त्यांना कोर्स आउटकम म्हणतात. मुलं ती वाचत नाहीत आणि बरेचदा प्रश्नपत्रिका काढणारेही. त्यातलं क्रियापद बघा. सांगता येईल, समजावता येईल, वापरता येईल, विश्लेषण करता येईल, पारखता येईल, नवं रचता येईल. ही चढण बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये मांडली आणि 2001 मध्ये तिची सुधारित मांडणी आली. अभ्यासक्रमात 'वापरता येईल' लिहायचं, वर्गात व्याख्या सांगायची आणि परीक्षेत 'टिपा लिहा' विचारायचं, असं झालं की तिन्हींची तोंडं तीन दिशांना. स्प्रेडशीटचा कौशल्याचा कोर्स घ्यायचा आणि पेपरात 'स्प्रेडशीटची वैशिष्ट्ये लिहा' असं विचारायचं, याने कुणाला घरखर्चाचा तक्ता करता येणार नाही. जॉन बिग्ज या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने 1996 मध्ये हेच सांगितलं: जे यायला हवं तेच वर्गात करून घ्या आणि तेच तपासा. मुलांनी हे पान जरूर वाचावं. कुठल्याही गाईडपेक्षा परीक्षेचा रोख तिथे जास्त दिसतो.

आता मुलांच्या बाजूने अभ्यासाबद्दल, कारण इथे एक फार मोठा गैरसमज आहे. बहुतेक मुलं अभ्यास म्हणजे नोट्स पुन्हा पुन्हा वाचणं समजतात. हायलायटरने अर्धं पान पिवळं होतं. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये पदवीच्याच विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार बैठकींत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तिन्ही बैठकींत न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना 83 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 71. आठवड्याने पुन्हा विचारलं. वाचणाऱ्यांचं 40 टक्क्यांवर आलं, लिहिणाऱ्यांचं 61 राहिलं. आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील, असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं अशी आपली समजूत होते. वही मिटून कोऱ्या कागदावर लिहायला बसलं की काय येत नाही ते दिसतं. म्हणून वर्गातल्या छोट्या चाचण्या गुणांसाठी नसल्या तरी घ्याव्यात. मी तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं मागच्या तासातले तीन मुद्दे वही न उघडता लिहायला सांगते. तो कागद मी गोळाही करत नाही. ज्यांचे आठवड्याला 44 तास होऊच शकत नाहीत, त्या पेट्रोल पंपावरच्या मुलांना मी हे सगळ्यात आधी सांगते. तासभर वाचण्यापेक्षा वीस मिनिटं आठवून लिहा.

इंटर्नलमधली दोन दुखणी उघडपणे बोलायला हवीत. एक, सरसकट 20 पैकी 18. कुणी नापास व्हायला नको, तक्रार यायला नको, आपल्या कॉलेजचा निकाल कमी दिसायला नको, म्हणून सगळ्यांना सारखेच गुण. मनापासून काम केलेल्या मुलीला यातून काहीच कळत नाही आणि न केलेल्यालाही नाही. दुसरं दुखणं याच्या उलट: 'इंटर्नल माझ्या हातात आहे' ही धमकी. ती मीही विद्यार्थिनी असताना ऐकली आहे, आणि त्या भीतीने वर्गात प्रश्न विचारायचं सोडून दिलेली मुलं माझ्याच बाकावर होती. या दोन्हींवर मला सापडलेला उपाय एकच आहे. पेपर कारणासकट परत द्यायचा. गुण का मिळाले आणि का गेले हे कागदावर असलं की सरसकट 18 देता येत नाहीत, आणि रागाने 6 देणंही अवघड होतं.

उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क तर कायद्यानेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2011 रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारातली 'माहिती' आहे आणि परीक्षार्थीला ती बघता येते. विद्यापीठांत फोटोकॉपी मागवण्याची आणि पुनर्मूल्यांकनाची सोय असते. तिची मुदत थोड्या दिवसांची असते, ती चुकवू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 प्रमाणे निकाल परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लागायला हवा. माझं एवढंच म्हणणं आहे की फोटोकॉपी फक्त गुण वाढवण्यासाठी मागवू नये. नापास झालेल्या विषयाची तर नक्कीच मागवावी आणि तो विषय शिकवणाऱ्या शिक्षकाकडे घेऊन जावी. आपलं उत्तर शांतपणे वाचायची तीच पहिली संधी असते.

मोबाइलवर चॅटजीपीटीकडून असाइनमेंट लिहून घेणं आता घरोघरी झालं आहे. त्याआधी गाईडमधून उतरवणं होतंच. मी लेखी असाइनमेंट बंद केली नाही. प्रत्येकाला दोन मिनिटं समोर बसवून लिहिलेल्यातलंच एक विचारते. 'इथे तू भाव पडतो लिहिलंय, का पडतो?' ज्याने स्वतः लिहिलं तो अडखळत का होईना बोलतो. ज्याने उतरवलं त्याला त्याचंच वाक्य परकं वाटतं. तेव्हा रागावून उपयोग नसतो. तिथेच बसून ते वाक्य दोघांनी उलगडायचं.

निफाडच्या त्या मुलीने आठवड्याने पेपर आणून दिला. या वेळी आकृती एकच होती. 100 क्विंटल गुणिले 2000, म्हणजे 2 लाख. 120 क्विंटलला तेच 2 लाख यायचे तर भाव 1667 च्या आसपास हवा. त्याखाली गेला की तोटा. मग तिने भाव 1200 धरला होता. 120 गुणिले 1200, म्हणजे 1 लाख 44 हजार. पीक 20 टक्क्यांनी वाढलं, भाव 40 टक्क्यांनी पडला. आणि का? 'कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी भाजीत दुप्पट कांदा घालत नाही. म्हणून जास्तीचा माल खपवायला भाव खूप पाडावा लागतो.' ते 'त्यामुळे' आता भरलं होतं.

त्याखाली, मी न विचारलेलं एक वाक्य होतं. 'पण एकट्या आमच्याच शेतात जास्त पिकलं असतं तर भाव पडला नसता आणि आमचे पैसे वाढले असते. सगळ्यांचं पिकलं म्हणून पडला.' बाजाराची मागणी आणि एका विक्रेत्यासमोरची मागणी यांतला हा फरक पूर्ण स्पर्धेच्या घटकात येतो, आणि तो घटक आमच्याकडे महिनाभराने होता. मी तो पुढच्याच तासाला घेतला. फळ्यावर आधी तिचं वाक्य लिहिलं आणि वर्गाला विचारलं, "हे बरोबर आहे का? असलं तर का?"